मॅग्नेटाइटचे चार मॅग्नेटॉन: पावडरपासून आकड्यापर्यंत

मॅग्नेटाइट या लोहाच्या काळ्या ऑक्साइडच्या (Fe₃O₄) एका सूत्रामागे किती बोर मॅग्नेटॉन (अणूंच्या चुंबकत्वाचं एकक), असं एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत विचारलं की उत्तर लगेच येतं: चार. आता हातात काळी पावडर दिली आणि म्हटलं, हे चार मला मोजून दाखव, तर? व्हीएसएमवर (कंपन-नमुना चुंबकत्वमापकावर) नमुना चढवायचा, लूप (क्षेत्र बदलताना चुंबकत्व कसं बदलतं त्याचा आलेख) काढायचा, वरचा आकडा वाचायचा, एवढंच बहुतेकांना सुचतं. आकडा येतो २.६, कधी ३.१. मग प्रबंधात "पृष्ठभागावरील स्पिनच्या अव्यवस्थेमुळे" असं एक वाक्य लिहून विषय मिटवला जातो. ते कारण कधी खरं असतं, पण पुष्कळदा नसतं.

हा लेख त्या चारपर्यंत प्रामाणिकपणे कसं पोचायचं याबद्दल आहे. मुंबईतल्या एखाद्या कॉलेजात पदव्युत्तर प्रकल्प करणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय: त्याच्याकडे रसायनशास्त्राची साधी प्रयोगशाळा आहे, मोठी यंत्रं दुसरीकडे आहेत आणि ती वेळ ठरवून वापरायची आहेत. माझं म्हणणं एकच आहे. "दर सूत्रामागे इतके मॅग्नेटॉन" हा अपूर्णांक असतो. त्यातला अंश यंत्र देतं आणि तो सहसा बरोबर असतो. छेद, म्हणजे किती मॅग्नेटाइट खरोखर मोजलं, तो तुम्ही द्यायचा असतो. चुका तिथे होतात.

आधी काय मोजतोय ते

मॅग्नेटाइटच्या एका सूत्रात तीन लोह-आयन असतात, दोन फेरिक आणि एक फेरस. फेरिकमध्ये पाच एकटे इलेक्ट्रॉन, म्हणून पाच मॅग्नेटॉन. फेरसमध्ये चार एकटे, म्हणून चार. स्फटिकात ऑक्सिजनच्या मधल्या पोकळ्या दोन प्रकारच्या: चतुष्फलकी ए जागा आणि अष्टफलकी बी जागा. ए जागेवर एक फेरिक बसतो, बी जागांवर उरलेला फेरिक आणि फेरस. ए आणि बी यांचे स्पिन (इलेक्ट्रॉनांचे सूक्ष्म चुंबक) एकमेकांच्या उलट. म्हणून ५ + ४ − ५, उत्तर चार. लुई नेएलने १९४८ साली हे फेरीचुंबकत्वाचं चित्र मांडलं. १९५१मध्ये शल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी न्यूट्रॉन विवर्तनाने ते मॅग्नेटाइटमध्येच दाखवून दिलं. नेएलला १९७०चं नोबेल मिळालं.

इथे एक गोंधळ आधीच सोडवून घ्या. फेरिकचा मोमेंट (चुंबकीय आघूर्ण) ५ लिहायचा की ५.९२? दोन्ही बरोबर, पण वेगवेगळ्या मोजणीसाठी. ५.९२ हा "परिणामी" मोमेंट पॅराचुंबकीय क्षारांच्या तापमान-आलेखातून येतो. पाच हा संपृक्त अवस्थेतला, सगळे स्पिन एका दिशेला लागल्यावरचा. आपण संपृक्तता मोजणार, तेव्हा ५ आणि ४ हेच आकडे. दोन्ही पद्धती एकाच गणितात मिसळलेले अहवाल मी पाहिले आहेत, आणि त्यानंतरच्या सगळ्या पानांवर ती चूक पसरलेली असते.

लोहाची बाकीची ऑक्साइडंही ओळखून ठेवा, कारण तुमच्या पावडरीत ती शिरणार आहेत. कुंड्यांना लावतो त्या गेरूला लाल रंग हेमेटाइटमुळे येतो. खोलीच्या तापमानाला त्याचं चुंबकत्व नाममात्र, ग्रॅममागे साधारण ०.४ इएमयू (चुंबकीय मोमेंटचं एकक). मॅगेमाइट तपकिरी, रचना जवळजवळ मॅग्नेटाइटसारखीच, पण फेरस नाही; मोठ्या दाण्यांच्या रूपात ग्रॅममागे साधारण ७५ ते ८० इएमयू. मॅग्नेटाइट काळं, सुमारे ९२. गेरू मिसळला तर आकडा पडतो आणि चटकन संशय येतो. मॅगेमाइट मिसळलं तर आकडा जरासाच पडतो. म्हणून खरा शत्रू मॅगेमाइट.

पावडर बनवणं

दोन पावडरी हव्यात. एक विकत घेतलेली, मायक्रॉनच्या मापाची, शुद्ध मॅग्नेटाइटची. चारच्या जवळ जायचं ते हिच्यातून. दुसरी स्वतः बनवलेली नॅनोपावडर, फरक समजण्यासाठी. नुसती दुसरी घेऊन चार मोजायला निघालात तर निराशा ठरलेली.

सहअवक्षेपणासाठी (दोन्ही क्षारांतलं लोह एकत्र खाली बसवण्यासाठी) फेरिक क्लोराइड हेक्साहायड्रेट ५.४१ ग्रॅम आणि फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट १.९९ ग्रॅम, म्हणजे दोनास एक मोल. फेरस क्लोराइड मिळालं नाही तर फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट २.७८ ग्रॅम चालेल. प्रिन्सेस स्ट्रीटवर रसायनं विकत घेणार असाल तर बाटली उघडून रंग पाहा. फेरस क्षार फिकट हिरवा हवा. पिवळट-तपकिरी पापुद्रा दिसला तर तो अर्धा फेरिक झालेला आहे आणि तुमचं दोनास एक गणित दुकानातच बिघडलं.

पाणी १०० मिलिलिटर, उकळून, त्यात नायट्रोजन सोडत थंड केलेलं. दोन्ही क्षार विरघळवा, ७० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवा आणि जोरात ढवळत २५ टक्के अमोनिया थेंबाथेंबाने घाला. हिशेबाने सहा मिलिलिटर पुरतो, पण अमोनिया दुर्बल अल्कली असल्यामुळे पंधरा ते वीस मिलिलिटर लागतो. पीएच दहाच्या वर गेला पाहिजे. पाहता पाहता सगळं काळंभोर होतं. हे काम फ्यूम हूडमध्येच करा आणि नायट्रोजन शेवटपर्यंत चालू ठेवा.

ढवळायला मॅग्नेटिक स्टरर वापरू नका. तयार होणारा प्रत्येक कण त्या फिरणाऱ्या कांडीला जाऊन चिकटतो. वर काचेची किंवा टेफ्लॉनची दांडी असलेला मोटरचा स्टरर लागतो. पुढे पावडर हाताळताना स्टीलचा स्पॅच्युलाही नको. लोखंडाचा बारीक कीस ग्रॅममागे दोनशेच्या वर इएमयू देतो. प्लास्टिकचा किंवा लाकडी चमचा वापरा.

पावडर खाली बसवायला बीकरखाली चुंबक धरा, वरचं पाणी ओता, उकळून गार केलेल्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा, शेवटी इथेनॉलने. मग निर्वातात साठ अंशांच्या आत वाळवा. हवेच्या ओव्हनमध्ये शंभर अंशांवर रात्रभर ठेवली तर सकाळी तपकिरी छटा आलेली दिसेल, आणि ती छटा म्हणजे मॅगेमाइट. सगळं नीट झालं तर दोन ग्रॅमच्या थोडी वर पावडर मिळते, सिद्धांताने २.३२ ग्रॅम.

ब्युरेटने केलेली खात्री

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि सरळ एक्स-रे विवर्तनाकडे जातात. विवर्तन काढा जरूर. तांब्याच्या नळीने ३५.४ अंशांजवळ सर्वांत ठळक रेषा दिसेल. तांब्याच्या किरणांनी लोह स्वतःच चमकतं आणि पार्श्वभूमी वर उचलली जाते, म्हणून मोनोक्रोमेटर आहे का ते आधी विचारा. कोबाल्टची नळी असेल तर उत्तमच. पण मॅग्नेटाइट आणि मॅगेमाइट यांच्या जालकातला (स्फटिकाच्या एका घराच्या बाजूतला) फरक केवढा? ८.३९६ आणि ८.३४६ अँगस्ट्रॉम. दहा नॅनोमीटरच्या कणांच्या रेषा इतक्या रुंद असतात की हा फरक त्यात बुडून जातो. आलेखावर "मॅग्नेटाइट" असं लिहून येतं, पण ते सॉफ्टवेअरने यादीतून उचललेलं नाव असतं.

फेरस लोह मोजायचा जुना मार्ग मात्र खोटं बोलत नाही. शंकूपात्रात ०.१ ग्रॅम पावडर, त्यावर अर्ध्यास अर्धं हायड्रोक्लोरिक आम्ल वीस मिलिलिटर आणि लगेच चिमूटभर सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे कार्बन डायऑक्साइड हवेला बाहेर ढकलेल. वर काचेची तबकडी. सौम्य ऊब द्या. नॅनोपावडर लवकर विरघळते, जाड पावडरीला धीर धरावा लागतो. गार करून उकळलेलं पाणी, गंधकाम्ल-फॉस्फरिक आम्लाचं मिश्रण, बेरियम डायफिनिलअमाइन सल्फोनेटचे काही थेंब, आणि ०.०२ नॉर्मल पोटॅशियम डायक्रोमेटने अनुमापन. हिरव्यावरून जांभळ्यावर रंग गेला की थांबा. पावडर शंभर टक्के मॅग्नेटाइट असेल तर २१.६ मिलिलिटर लागतात. डायक्रोमेट विषारी आहे; हातमोजे घाला आणि उरलेला द्रव बेसिनमध्ये ओतू नका.

समजा अठराच मिलिलिटर लागले. दोन शक्यता: फेरस ऑक्सिडाइज झालं, किंवा तोललेल्या ०.१ ग्रॅममध्ये पाणीही होतं. या दोघांना वेगळं करायला त्याच पावडरीचा दुसरा भाग विरघळवून, झिंकने सगळं फेरिक फेरसमध्ये आणून, गाळून एकूण लोह मोजा. एकूण लोह आणि फेरस यांचं गुणोत्तर मॅग्नेटाइटमध्ये तीनास एक. दोन्ही भाग एकाच बाटलीतून, एकाच वेळी तोलले तर या गुणोत्तराला पाण्याच्या वजनाने फरक पडत नाही. तीनास एक आलं पण मिलिलिटर कमी, तर पाणी. गुणोत्तर चार किंवा पाचाकडे सरकलं, तर मॅगेमाइट. एका दुपारच्या कामात तुम्हाला छेदाबद्दल ते कळतं, जे महागडं यंत्र सांगू शकत नाही.

मुंबईत हे जास्तच लागू. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा बारीक पावडरीला काय करते हे मी स्वतः भोगलं आहे. विद्यार्थी असताना पावसाळ्यात बनवलेली पावडर मी घड्याळकाचेवर झाकून टेबलावर ठेवली होती. व्हीएसएमची तारीख मिळेपर्यंत पाच आठवडे गेले. मोजणी सुंदर झाली, लूप गुळगुळीत, आकडा ३ मॅग्नेटॉनच्या खाली. दोन महिने मी पृष्ठभागाच्या स्पिनांवर वाचत बसलो. शेवटी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने एकच प्रश्न विचारला: "वजन कुठल्या दिवशी केलंस?" बाटली उजेडात धरली तेव्हा पावडर काळी नव्हती, कॉफीच्या रंगाची झाली होती. तेव्हापासून पावडर बनवली की त्याच दिवशी नायट्रोजन भरलेल्या बाटलीत, बाटली डेसिकेटरमध्ये, आणि सिलिका जेल निळं आहे ना ते रोज पाहणं.

वजन आणि बांधणी

व्हीएसएमसाठी १० ते २० मिलिग्रॅम पुरे. स्क्विडवर (अतिवाहक वेटोळ्याच्या जास्त संवेदनशील चुंबकत्वमापकावर) जाणार असाल तर दोन-तीन मिलिग्रॅमच घ्या. मॅग्नेटाइटचा मोमेंट एवढा मोठा की जुन्या स्क्विड यंत्रांचं मोजमापाचं टोक तो सहज ओलांडतो. तराजू ०.०१ मिलिग्रॅम दाखवणारा हवा. कॉलेजातल्या एक मिलिग्रॅमच्या तराजूवर २० मिलिग्रॅम तोलले तर तिथेच पाच टक्के गेले, म्हणजे चारातले ०.२ मॅग्नेटॉन. जवळपास चुंबक नको. तराजूच्या आत स्वतःचं चुंबक असतं आणि तुमची पावडर त्याला ओढते. तीनदा, वेगवेगळ्या उंचीवर ठेवून तोला आणि आकडे सारखे येतात का पाहा.

वजन रिकाम्या कॅप्सूलचं आधी, भरलेल्याचं नंतर. जिलेटिनची कॅप्सूल स्वतःच पाणी शोषते, म्हणून दोन्ही वजनं काही मिनिटांच्या आत घ्या. शक्य असेल तर टेफ्लॉनचा किंवा क्वार्ट्झचा कप वापरा.

पावडर कॅप्सूलमध्ये सैल राहिली तर क्षेत्र वाढवताना कण अक्षरशः फिरून क्षेत्राच्या दिशेला लागतात. तेव्हा मोजलं जाणारं चुंबकत्व इलेक्ट्रॉनांचं वळणं नसतं, दाण्यांचं वळणं असतं. लूपवर अचानक ठेच किंवा गुडघा दिसला तर हेच कारण. वितळलेल्या मेणाचा थेंब किंवा किंचित इपॉक्सी टाकून दाणे घट्ट करा. मेणाचं वजन वेगळं नोंदवा; ते पावडरीत धरायचं नाही.

व्हीएसएमवरचा दिवस

हे यंत्र सायमन फोनरने १९५०च्या दशकात घडवलं. तत्त्व शाळेतलंच आहे: नमुना क्षेत्रात कंप पावतो, बाजूच्या वेटोळ्यांत विद्युतदाब निर्माण होतो, आणि तो नमुन्याच्या मोमेंटच्या प्रमाणात असतो. म्हणजे यंत्र थेट मोमेंट मोजत नाही, व्होल्ट मोजतं. व्होल्टचे इएमयू करायला ओळखीचा नमुना लागतो, आणि तो सहसा निकेलचा. खोलीच्या तापमानाला निकेल ग्रॅममागे सुमारे ५५ इएमयू देतं. यंत्र चालवणाऱ्याला सकाळी पहिलं हेच विचारा: निकेल शेवटचं कधी चढवलं होतं? शक्य असेल तर तुमच्यासमोर एकदा चढवायला सांगा. बहुतेक ऑपरेटर आनंदाने करतात. त्यांनाही असा प्रश्न विचारणारे कमी भेटतात.

नमुना वेटोळ्यांच्या बरोबर मध्यावर हवा. कंपाच्या दिशेने आणि पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवत मध्य शोधावा लागतो. एका दिशेला संकेत मध्यावर सर्वांत जास्त असतो, दुसऱ्या दिशेला सर्वांत कमी. घोड्याच्या खोगिरासारखा आकार. निकेलचा गोळा दोन मिलिमीटरचा आणि तुमची कॅप्सूल दहा मिलिमीटर उंच असेल तर दोघांचा मध्य सारखा असूनही संकेत वेगळा पडतो. म्हणून पावडर कॅप्सूलच्या तळाशी छोट्या गोळीसारखी दाबून ठेवा.

क्षेत्र अधिक-उणे १.५ टेस्लापर्यंत, म्हणजे १५,००० ओर्स्टेड. जाड पावडर एका टेस्लालाच जवळजवळ संपृक्त होते. नॅनोपावडर होत नाही. शून्याजवळ पायऱ्या बारीक ठेवा, दहा-वीस ओर्स्टेडच्या. वर गेल्यावर पाचशेच्या चालतात. प्रत्येक बिंदूवर काही सेकंदांची सरासरी. शेवटी रिकामी कॅप्सूल मेणासह तशीच मोजा. तिचा आकडा फार लहान असेल, तरी वजा करा.

लूपच्या मधल्या भागाबद्दल दोन सावधगिऱ्या. पहिली: लोखंडी गाभ्याच्या विद्युतचुंबकात प्रवाह शून्य केला तरी काही दहा ओर्स्टेडचं क्षेत्र शिल्लक राहतं. हॉल प्रोब ते मोजत असेल तर ठीक, नसेल तर "दहा ओर्स्टेडची कोअर्सिव्हिटी" (चुंबकत्व शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) असं लिहायचा मोह टाळा. दुसरी: शून्याजवळचा उतार हा पदार्थाचा गुण आहे असं समजू नका. नमुन्याचं स्वतःचं चुंबकत्व आतल्या क्षेत्राला विरोध करतं. घट्ट मॅग्नेटाइटच्या गोळ्यात हा विरोध संपृक्ततेला ०.२ टेस्लाइतका असतो, त्यामुळे तो उतार आकाराने ठरतो. संपृक्तता यातून सुटते, आणि म्हणूनच आपण तिच्यावर भर देतोय.

पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मुंबईत अर्ध्या ओर्स्टेडच्या आत असतं, त्यामुळे संपृक्ततेच्या मोजणीत त्याची काळजी करू नका. क्षेत्राचे बारकावे टिपणाऱ्यांना मात्र या शहराने पूर्वीच अडचणीत आणलं होतं. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून ते काम अलिबागला हलवलं गेलं. तिथे १९०४ साली नोंदी सुरू झाल्या आणि काही काळ दोन्ही ठिकाणी एकत्र चालल्या. तुमच्या यंत्रापुरतं पाहायचं ते एवढंच, की कंपाची वारंवारता ५० हर्ट्झच्या पटीत नाही.

आकडेमोड

यंत्राने जास्तीत जास्त क्षेत्राला १.८३ इएमयू दाखवलं, वजन २०.४ मिलिग्रॅम. भागाकार ८९.७ इएमयू प्रति ग्रॅम. याला मॅग्नेटाइटच्या मोलर वस्तुमानाने, २३१.५३ने गुणायचं आणि ५५८५ने भागायचं. हा ५५८५ म्हणजे एक मोल बोर मॅग्नेटॉनांचे इएमयू. उत्तर ३.७२ मॅग्नेटॉन. वजनात ०.२ मिलिग्रॅमची चूक असती, म्हणजे खरे २०.२ असते, तर हेच ३.७६ झालं असतं. दुसऱ्या दशांश स्थळावर बोलायचं असेल तर तराजूवर किती अवलंबून आहे ते दिसतंय.

संपृक्ततेचा आकडा काढताना सर्वांत वरचा बिंदू सरळ उचलू नका. वरच्या टोकाला रेषा किंचित चढती असेल तर मोमेंट विरुद्ध एक भागिले क्षेत्र असा आलेख काढून शून्यापर्यंत लांबवा. उतार खाली जात असेल तर कॅप्सूलचं वजा करणं राहिलं आहे.

आता मुख्य प्रश्न: ९२ इएमयू आलं तरी उत्तर ३.८, चार नाही. हे बरोबरच आहे. खोलीच्या तापमानाला उष्णता स्पिनांना थोडं हलवत असते. मॅग्नेटाइटचं क्युरी तापमान (ज्याच्या वर हे चुंबकत्व नाहीसं होतं) ८५० केल्विनच्या आसपास आहे, त्यामुळे ३०० केल्विनला काही टक्के घट होणारच. द्रव हीलियमच्या तापमानाला जाड दाण्यांचं मॅग्नेटाइट ग्रॅममागे सुमारे ९८ इएमयू देतं, म्हणजे ४.१. चाराच्या वरचा तो अंश फेरसच्या इलेक्ट्रॉनांच्या कक्षीय गतीतून येतो असं मानलं जातं. तेव्हा खोलीच्या तापमानाला बरोबर चार आलं, तर आनंद न मानता वजन पुन्हा करा.

नॅनोपावडरीला ६५ इएमयू आलं तर २.७ मॅग्नेटॉन. आता अनुमापनाचे निकाल समोर ठेवा. पाणी किती, मॅगेमाइट किती, ते वजा केल्यावर जी तूट उरते तेवढीच पृष्ठभागाच्या स्पिनांच्या खात्यावर टाका. आणि पावडर जास्त करून मॅगेमाइट झाली असेल तर २३१.५३ने गुणणंच चूक. ते मोलर वस्तुमान दुसऱ्या पदार्थाचं आहे. अशा वेळी इएमयू प्रति ग्रॅम एवढंच लिहून थांबणं जास्त खरं.

नायट्रोजनची बाटली

यंत्राला थंडीची सोय असेल तर एक मोजणी सोडू नका. द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनपर्यंत जा आणि शंभर-दोनशे ओर्स्टेडच्या हलक्या क्षेत्रात हळूहळू तापवत मोमेंट नोंदवत राहा. १२० केल्विनजवळ शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये तीव्र उडी दिसते. हे फेरवाय संक्रमण, १९३९मध्ये उलगडू लागलेलं. बी जागांवर एरवी इकडून तिकडे उड्या मारणारे इलेक्ट्रॉन तिथे जागच्या जागी गोठतात. फेरस थोडंसं कमी असलं तरी उडी खालच्या तापमानाला सरकते आणि बोथट होते. म्हणून जाड पावडरीसाठी शुद्धतेची याहून चांगली परीक्षा नाही. दहा नॅनोमीटरच्या पावडरीत उडी बहुतेक वेळा दिसतच नाही. त्यावरून ती मॅग्नेटाइट नाही असं ठरवू नका.

उलट दिशेला, क्युरी तापमान गाठायला जाताना निर्वात किंवा आर्गॉन हवाच. हवेत तापवलं तर परतीच्या वाटेवर तुम्ही गेरू मोजत असाल.

ए आणि बी वेगळे करायचे असतील

व्हीएसएमला फक्त वजाबाकीचं उत्तर दिसतं. पाच आणि नऊ वेगळे पाहायचे तर दुसरी साधनं लागतात. मोसबाउर वर्णपटात कोबाल्ट-५७च्या स्रोतातून निघणारे १४.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण लोहाच्या अणुकेंद्रांनाच विचारतात की तुझ्याभोवतीचं क्षेत्र किती. खोलीच्या तापमानाला मॅग्नेटाइट सहा-सहा रेषांचे दोन संच देतं: ए जागेचा ४९ टेस्ला, बी जागेचा ४६, आणि क्षेत्रफळं साधारण एकास दोन. मॅगेमाइट ५०च्या आसपास एकच संच दाखवतं, हेमेटाइट ५१.७ला. एकास दोनचं प्रमाण बिघडलं की फेरस गेलं असं समजा. तुमच्या ब्युरेटच्या निकालाशी हे जुळलं पाहिजे. वेगाचा मापदंड लोखंडाच्या पातळ पत्र्याने, ३३ टेस्लाने, लावलेला असतो. ती फाइलही मागून घ्या.

स्पिनांची उलटसुलट मांडणी थेट पाहायची असेल तर न्यूट्रॉन. ते काम मुंबईतच, ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीवर होतं, आणि विद्यापीठांतल्या मंडळींना यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या) केंद्रामार्फत प्रस्ताव देता येतो. त्यासाठी मिलिग्रॅमने भागत नाही, काही ग्रॅम पावडर लागते. म्हणजे बनवतानाच हिशेब करून चार-पाच पट बनवा. वेगवेगळ्या दिवशी बनवलेल्या पावडरी एकत्र करून पाठवू नका.

पवईच्या आयआयटीत सैफ या सामायिक उपकरण-सुविधेत इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही शुल्क भरून करता येतं. मॅग्नेटाइटसाठी मी ते दुय्यम मानतो. एकट्या स्पिनांसाठी हे तंत्र अप्रतिम आहे. इथे मात्र सगळे स्पिन एकमेकांना बांधलेले, रेषा रुंद, आणि तिच्यातून काढलेला जी-गुणक (मोमेंट आणि स्पिन यांचं नातं सांगणारा आकडा) नमुन्याच्या आकारावरही ठरतो. त्या आकड्यावरून कक्षीय गतीबद्दल दावे करू नका.

कॉलेजातला गॉय तराजू (चुंबकीय क्षेत्रात नमुन्याचं वजन किती बदलतं ते मोजणारा) या कामाला चालत नाही. तो मोहर क्षारासारख्या पॅराचुंबकीय पदार्थांसाठी आहे. मॅग्नेटाइटची नळी त्यात टांगली तर ती सरळ ध्रुवाला जाऊन चिकटेल.

नोंदवही

प्रत्येक मोजणीपुढे हे लिहा: पावडर कोणत्या दिवशी बनली, कोणत्या दिवशी अनुमापन झालं आणि किती मिलिलिटर लागले, कोणत्या दिवशी, कोणत्या तराजूवर वजन झालं, निकेलचा आकडा काय आला. मोजणी झाल्यावर कॅप्सूल फेकू नका. उरलेली पावडर नायट्रोजनखाली काचेच्या नळीत भरा, नळीचं तोंड वितळवून बंद करा आणि नळीवर तारीख चिकटवा. सहा महिन्यांनी ती फोडून पुन्हा डायक्रोमेट घाला. तेव्हाही २१ मिलिलिटरच्या वर लागले, तर तुमचा आकडा त्याच पावडरीचा आहे असं छातीठोकपणे सांगता येईल.